कडकबाई पुन्हा भांडू लागल्या

रुग्णालयाच्या तळघरात, जिना संपला की डावीकडे, कपडेघर होतं. तिकडे जाणाऱ्याला आधी साबणाच्या वाफेचा वास यायचा आणि पाठोपाठ कडकबाईंचा आवाज. धुलाईची तीन मशिनं, वाळवणीची दोन आणि खोलीभर लांब असा इस्त्रीचा रोलर एकदम सुरू असला, तरी तो आवाज सगळ्यांच्या डोक्यावरून पार पलीकडच्या भिंतीला जाऊन लागायचा. “पाचव्या वॉर्डाची चादर सातव्याच्या ढिगात कोणी घातली?” असं त्यांनी विचारलं, की ज्यानं घातली तो दचकायचाच, पण ज्यांनी घातली नव्हती तेही एकदा आपापल्या हातांकडे बघून घ्यायचे.

कडकबाई हे नाव त्यांना चादरींच्या इस्त्रीवरून पडलं की स्वभावावरून, यावर रुग्णालयात एकमत नव्हतं. बाईंना स्वतःला ते आवडायचं. “मऊ माणसाच्या हातची चादर सुरकुततेच,” असं त्या म्हणायच्या. एकतीस वर्षांपूर्वी त्या इथे फाटके गाऊन शिवायला म्हणून लागल्या होत्या आणि आता सगळं कपडेघर त्यांच्या हाताखाली होतं. रक्ताचा डाग थंड पाण्यातच घालायचा, गरम पाणी लागलं की तो कायमचा मुक्कामाला आला. शाईच्या डागाला घाई करायची नाही. औषधाचा पिवळा डाग उन्हाला घाबरतो, हे सगळं त्यांनी हातांनी शिकलेलं. वाटलं तर त्या कपडेघरातून उठून थेट आठव्या मजल्यापर्यंत जायच्या, तेही जिन्यानं, आणि आपली चादर पलंगावर नीट खोचली आहे का ते बघून यायच्या. लिफ्ट रोग्यांसाठी असते, असं त्यांचं म्हणणं.

घरी त्यांना बरोबरीची एकच व्यक्ती होती, ती म्हणजे धाकटी जाऊ. दोघींची घरं एका मजल्यावर समोरासमोर, मध्ये चार पावलांची मोकळी जागा. दोन्ही दारं दिवसभर उघडी. धाकटीचा नवरा जहाजावर नोकरीला, वर्षातून दोनदा घरी यायचा. ती चष्म्यांच्या दुकानात काम करायची आणि तिची जीभ कात्रीसारखी चालायची. मधल्या जागेतली जिन्याची खिडकी उघडी ठेवायची की बंद, यावरून दोघी पंचवीस वर्षं भांडत होत्या. कडकबाईंना वारा हवा होता, धाकटीला धूळ नको होती. एक उघडायची, दुसरी लावायची, आणि या दारातून त्या दारात शब्दांची नुसती ये-जा. त्यात वैर कुठेच नव्हतं. भांडण संपलं की त्याच दमात, “जाऊबाई, चहा टाकलाय, येताय ना?” कडकबाईंचे यजमान शाळेच्या प्रयोगशाळेत मदतनीस होते, अबोल माणूस. ते म्हणायचे, “सकाळी या दोघींचा आवाज आला नाही, तर मी आधी घड्याळ बंद पडलंय का ते बघतो.”

पंचावन्नावं लागलं त्या वर्षीची गोष्ट. दुपारी कडकबाई एका मोठ्या चादरीची घडी घालत होत्या. दोन टोकं त्यांच्या हातात, दोन समोरच्या बाईच्या. टोकाला टोक जुळवायला त्या पुढे आल्या आणि छातीत एकदम पत्र्यावर वाटाणे सांडावेत तसं झालं. ठोक्यांना ना क्रम, ना ताळ. त्यांनी दोन पावलं मागे घेतली आणि न धुतलेल्या कपड्यांच्या ढिगावर बसल्या. एकतीस वर्षांत त्या ढिगावर बाईंना बसलेलं कोणी पाहिलं नव्हतं. रोलर चालवणाऱ्या गड्यानं न विचारता मशीन बंद केलं आणि चाकाची खुर्ची आणायला पळाला.

वर हृदयविभागात जी डॉक्टरीण होती तिनं कागदावरच्या वेड्यावाकड्या रेघा त्यांना दाखवल्या. वयानं लहान, बोलायला सरळ. “हृदयाच्या वरच्या कप्प्यांना ठोक्याचा इशारा एका ठरलेल्या जागेवरून मिळतो. तुमच्याकडे तो वाट्टेल तिथून उठतोय. त्यामुळे कप्पा नीट आवळत नाही, नुसता थरथरतो. याला एट्रियल फिब्रिलेशन म्हणतात.”

“म्हणजे सगळेच मुकादम झाले आणि काम करायला कोणी नाही,” कडकबाई म्हणाल्या.

डॉक्टरीण हसली, पण पुढचं तिनं हसता हसता सांगितलं नाही. थरथरत्या कप्प्यात रक्त साकळतं, त्याची गुठळी मेंदूकडे गेली तर लकवा मारू शकतो, म्हणून रक्त पातळ ठेवायची गोळी रोज घ्यायची, विसरायचं नाही. शिवाय ठोके आवरायच्या गोळ्या वेगळ्या.

त्या गोळ्यांवर दोन वर्षं गेली, आणि त्या दोन वर्षांतला त्रास बाईंना कधी मोजून दाखवता आला नाही. दुखत काहीच नव्हतं. पण सकाळी उठल्यावरच दिवस संपल्यासारखा वाटायचा. वाटाण्यांचा सडा कधी आठवड्यातून एकदा पडायचा, कधी रोज. आठव्या मजल्याचं सोडाच, तळघरातून पहिल्या मजल्यावर जायला मध्ये दोनदा थांबावं लागे, आणि कोणी बघत असेल तर त्या भिंतीवरची सूचना वाचत असल्याचं सोंग करायच्या. कपडेघरात त्यांना टेबल-खुर्ची मिळाली. आवाज गेला नव्हता, पण वाक्य संपेपर्यंत श्वास पुरत नव्हता. “पाचव्या वॉर्डाची चादर…” एवढ्यावर गाडी अडायची आणि उरलेलं लोक समजून घ्यायचे. समजून घेतलेलं कडकबाईंना सोसत नसे.

घरी तर त्याहून वाईट. घरात सगळे चवड्यांवर चालू लागले. यजमान टीव्हीचा आवाज बंद करून नुसती चित्रं बघायचे. आणि धाकटी! जिनं पंचवीस वर्षं एक शब्द खाली पडू दिला नव्हता, ती सगळ्याला हो म्हणायला लागली. जाऊबाईची ‘ताई’ झाली. कडकबाईंनी खिडकी उघडली तर म्हणायची, “राहू द्या ताई, छान वारा येतो.” तिच्या दारातून धूळ आत जाताना दिसत असायची आणि तोंडावर गोड हसू. एकदा तर बाईंनी मुद्दाम चपलांची मांडणी सरकवून धाकटीच्या दारासमोर आणून ठेवली. धाकटी चार दिवस ती ओलांडून ये-जा करत राहिली, हूं की चूं नाही. पाचव्या दिवशी कडकबाईंनीच ती ओढून जागेवर नेली, आणि तेवढ्यानं धाप लागून जिन्यात बसल्या.

“मला हे घर वॉर्डासारखं वाटायला लागलंय,” त्या डॉक्टरिणीला म्हणाल्या. “फक्त नळ्या लावायच्या राहिल्यात.”

मध्ये एकदा ठोके दीडशेच्या वर गेले आणि आठवडाभर भरती व्हावं लागलं. त्यानंतर डॉक्टरिणीनं ॲब्लेशनचं काढलं. जांघेतल्या शिरेतून बारीक नळी हृदयापर्यंत न्यायची. फुप्फुसांकडून रक्त आणणाऱ्या शिरा जिथे हृदयाला मिळतात, तिथूनच बहुतेक हे भलते इशारे उठतात. त्या तोंडांभोवती गोल डाग द्यायचे, म्हणजे इशारे पलीकडे जात नाहीत. “दहातल्या सहा-सात जणांना चांगला फरक पडतो. काहींना पुन्हा करावं लागतं. धोका कमी आहे, पण नाही असं मी म्हणणार नाही.”

कडकबाईंनी सगळं ऐकून घेतलं. “डाग काढण्यात माझा जन्म गेला, आणि आता तुम्ही मला डाग देणार?”

“हा काढता येणार नाही असा.”

“मग पक्का द्या,” बाई म्हणाल्या, आणि सही केली.

ज्या दिवशी त्यांना आत नेलं त्या दिवशी टेबलावर अंथरलेली हिरवी चादर त्यांनी आधी बोटांनी चाचपली. कडेला एक ठिगळ होतं, बारीक टाक्यांचं. ते त्यांनीच घातलेलं होतं, निदान दहा वर्षांपूर्वी, आणि त्याचा एक धागाही हलला नव्हता. गुंगीचं औषध देणाऱ्या डॉक्टरांना त्यांनी ते दाखवलं. ते म्हणाले, “मग आज तुम्ही तुमच्याच भरवशावर आहात.” बाईंना ते बोलणं इतकं आवडलं की भीती वाटायची राहूनच गेली. तीन तासांनी शुद्धीवर आल्या तेव्हा जांघेपाशी दाबून धरलेला कापूस आणि त्यावरचं रक्त बघून त्यांचे पहिले शब्द होते, “चादर थंड पाण्यात टाका, गरम नको.” पुढचे सहा तास पाय सरळ ठेवून उताणं पडायचं होतं. त्याचा त्यांना नळीपेक्षा जास्त वैताग आला.

आता सगळं चुटकीसरशी बरं झालं असेल असं वाटत असेल, तर तसं झालं नाही. जांघेत हातभर काळं-निळं उमटलं, पंधरा दिवस बादली उचलायची मनाई. आणि तिसऱ्या आठवड्यात, अगदी खुशाल बसल्या असताना, पुन्हा वाटाणे सांडले. कडकबाई न्हाणीघरात गेल्या, नळ सोडला आणि रडल्या. रडायचं कारण ठोके नव्हते. आता पुन्हा खुर्ची, पुन्हा ती ‘ताई’, हे डोळ्यांपुढे आलं.

डॉक्टरीण मात्र घाबरली नाही. “भाजलेली जागा अजून सुजलेली आहे, ती चिडचिड करणारच. पहिल्या तीन महिन्यांतले असले ठोके मी मनाला लावून घेत नाही, तुम्हीही घेऊ नका. सकाळ-संध्याकाळ सपाट रस्त्यानं चाला. आज खांबापर्यंत, उद्या पुढच्या खांबापर्यंत.”

बाई चालल्या. शिस्तीची त्यांना वानवा नव्हती. पहिले काही दिवस यजमान दहा पावलं मागून यायचे, कोणी विचारलं तर आपण सहज फिरायला निघालोय असं सांगायचे. महिन्याभरात तेच दहा पावलांचं अंतर राखायला त्यांना धावावं लागू लागलं.

बरं झाल्याचं बाईंना कळलं ते मात्र कपडेघराच्या जिन्यात. कामावर परतून महिना झाला होता. रोलरवाल्या गड्यानं उशांच्या ओल्या खोळी तशाच रोलरला घातल्या होत्या आणि त्या पिवळ्या पडल्या होत्या. तो खोळींचा गठ्ठा घेऊन वर निघाला होता, आणि बाई त्याच्या मागोमाग पायऱ्या चढत त्याला झाडत होत्या. ओल कशी ओळखायची, तळहात कशासाठी दिलाय, खोळीवर डोकं ठेवणाऱ्या माणसाला ती पिवळी बघून काय वाटेल, असं एक सलग, लांबलचक वाक्य. वाक्य संपलं तेव्हा त्या वरच्या पायरीवर उभ्या होत्या. मध्ये कुठेही थांबल्या नव्हत्या. हे आधी त्या गड्याच्या लक्षात आलं. गठ्ठा छातीशी धरून तो मागे वळला आणि म्हणाला, “बाई, फार दिवसांनी पोटभर बोलणी खाल्ली. बरं वाटलं.”

त्या दिवशी कडकबाई तिथून खाली गेल्या नाहीत. तशाच वर गेल्या. सावकाश, कठड्याला हात न लावता, आठव्या मजल्यापर्यंत. तिथल्या सिस्टर त्यांना बघून उभ्याच राहिल्या. बाईंनी कोपऱ्यातल्या पलंगाची चादर उपसली, पुन्हा कोपरे धरून खोचली, आणि म्हणाल्या, “दोन वर्षं मी नव्हते म्हणून काय झोळ्या बांधायच्या?”

मग सात दिवस छातीला एक छोटं यंत्र चिकटवून ठोके नोंदवले. साफ. ठोके आवरायच्या गोळ्या बंद झाल्या. रक्तदाब असल्यामुळे रक्त पातळ ठेवायची गोळी मात्र चालूच राहणार होती, आणि त्याबद्दल बाईंची काही तक्रार नव्हती. “एका गोळीनं माणूस म्हातारं होत नाही,” असं त्यांनी जाहीर केलं.

पण घराला कोण सांगणार? यजमान अजून मुक्या टीव्हीसमोर बसत होते आणि धाकटी अजून ‘ताई, ताई’ करत होती. बाई खिडकी उघडत होत्या, धाकटी हसत होती. डागलं होतं हृदय, पण भीती सगळ्यांच्या कानात बसली होती आणि तिच्यापर्यंत कुठलीच नळी पोहोचत नव्हती.

ॲब्लेशनला पाच महिने होऊन गेले होते. रविवारची सकाळ. धाकटी आंघोळीला गेली होती आणि समोरच्या उघड्या दारातून तिचा फोन वाजत होता, थांबत होता, पुन्हा वाजत होता. कडकबाईंनी चार पावलं ओलांडून तो उचलला. पलीकडून एक घाईतला आवाज म्हणाला, “गुरुवारी साडेदहाला तुमची सोनोग्राफी आहे, लक्षात आहे ना? गेल्या वर्षीचे गाठीचे रिपोर्ट आणि ऑपरेशनचे कागद बरोबर आणा.” आणि फोन ठेवला.

धाकटी केस पुसत बाहेर आली.

“गुरुवारी साडेदहाला कुठे जायचंय तुला?”

“दुकानात, ताई.”

“दुकानात सोनोग्राफी करतात?”

धाकटीचा हात केसांवर तसाच राहिला. मग ती खुर्चीवर बसली आणि हळूहळू, अजूनही त्या मऊ आवाजात, सांगायला लागली. गेल्या वर्षी छातीत गाठ लागली होती. सुईनं तपासली, त्यातून नीट कळेना, म्हणून काढली. साधीच निघाली. फक्त सहा-सहा महिन्यांनी दाखवायला सांगितलंय, ही आता दुसरी खेप. काही विशेष नाही, ताई.

“गेल्या वर्षी कधी?”

“तुम्ही भरती होता तेव्हा कळलं. नंतर पंधरा दिवसांनी काढली.”

“बरोबर कोण होतं?”

“सही भाऊजींनी केली. सही करून ते लगेच घरी गेले. मीच म्हटलं जा, घरी तुम्ही एकट्या होता.”

दारात यजमान उभे होते. हातातलं वर्तमानपत्र त्यांनी ढालीसारखं वर धरलं.

“म्हणजे या घरात एका बाईची गाठ काढली,” कडकबाई म्हणाल्या, आणि त्यांचा आवाज चढायला लागला, “ती बाई एकटी गेली, एकटी आली, आणि चार पावलांवर मी! मी काय मेले होते?”

“मरू नये म्हणूनच नाही सांगितलं!”

हे धाकटी इतक्या मोठ्यानं म्हणाली की तिचं तिलाच नवल वाटलं. पण आता बांध फुटला होता. ती खुर्चीवरून उठली. “तुम्हाला काय वाटतं, मला हौस होती एकटीनं जायची? त्या बाकावर बसले होते तेव्हा शेजारच्या बाईबरोबर तिची बहीण होती, आई होती, आणि माझ्या मांडीवर माझीच पर्स! मनात म्हटलं, आत्ता इथे जाऊबाई असत्या तर निदान बाक कसा पुसलेला नाही यावरून भांडल्या असत्या! पण तुमचे ठोके दीडशे! काय सांगणार होते तुम्हाला? अडीच वर्षं झाली, अडीच वर्षं मी या घरात मोठ्यानं बोललेली नाही. तोंडाला बुरशी आली माझ्या! धूळ खाऊन खाऊन घसा बसला, तरी छान वारा, छान वारा!”

“मग लावायची होतीस खिडकी!”

“लावली असती आणि तुम्ही पडला असतात म्हणजे?”

“पडले असते तर उठले असते! तुला कोणी सांगितलं माझी काळजी करायला? मोठी मी आहे की तू?”

“मोठ्या असाल, पण अक्कल…”

“बोल, बोल, अक्कल काय?”

खालच्या मजल्यावरच्या बाई जिन्यात येऊन वर बघू लागल्या. यजमानांनी वर्तमानपत्र टाकून दिलं आणि घरातून रक्तदाब बघायचं यंत्र घेऊन धावत आले. त्याबरोबर धाकटी भानावर आली. चेहरा पांढरा. “ताई, बसा. बसा आधी. पाणी आणते.”

“पाणी नको. उत्तर दे. अक्कल काय?”

पण यजमानांनी त्यांच्या दंडाला पट्टा गुंडाळला होता. यंत्र घरघरलं, थांबलं. तिघांनी त्या छोट्या काचेवर डोकी एकत्र आणली. यजमानांनी ठोक्यांचा आकडा मोठ्यानं वाचला. “चौऱ्याऐंशी. आणि एकसारखे.” त्यांनी पुन्हा पट्टा आवळला, पुन्हा वाचलं. “ब्याऐंशी.”

तेव्हा कुठे कडकबाईंच्या लक्षात आलं, की इतक्या वेळात त्यांनी आपल्या छातीकडे एकदाही लक्ष दिलेलं नव्हतं. दोन वर्षं त्या एक कान सतत आत लावून जगल्या होत्या. बोलताना, जेवताना, झोपेत. आज तो कान कधी बाहेर वळला ते कळलंच नव्हतं. त्या खुर्चीवर टेकल्या आणि धाकटीचा ओला हात धरून बसल्या. धाकटी रडत होती आणि नाक पुसत म्हणत होती, “अक्कल कमी आहे असं म्हणणार होते, जाऊबाई. पुरं करू द्या ना.”

गुरुवारी दोघी बरोबर निघाल्या. तपासणी केंद्र चौथ्या मजल्यावर, आणि लिफ्टवर दुरुस्तीची पाटी. धाकटी पाटीसमोर थबकली. “उद्या येऊ या का?”

“का? तुझे पाय दुखतात?”

कागदांची पिशवी कडकबाईंनी काखेत मारली आणि त्या पुढे झाल्या. पहिल्या मजल्यापर्यंत धाकटीचं सगळं लक्ष त्यांच्या पाठीकडे होतं. दुसऱ्या मजल्यावर मात्र तीच कठड्याला टेकली, कारण दिवसभर दुकानात बसून तिचं चढणं कधीच सुटलं होतं. बाई वरच्या पायरीवरून खाली बघत होत्या. “ये सावकाश. मी आहे इथे.” हे साधंच वाक्य, पण ते म्हणताना त्यांची छाती फुगली, आणि ती फुगली ते फक्त अभिमानानं.

वर पोहोचल्यावर त्यांनी विचारलं, “कुठला बाक?” धाकटीनं दाखवला. खिडकीजवळचा, लाकडी. बाईंनी त्यावरून बोट फिरवलं, बोट बघितलं, नाक मुरडलं, रुमालानं बाक पुसला आणि त्यावर बसल्या. धाकटी आत गेली तेव्हापासून बाहेर येईपर्यंत त्या तिथून उठल्या नाहीत.

अर्ध्या तासानं कागद हातात आले. काही नाही. सगळं स्वच्छ. आता वर्षानं या.

कागद देणारी सिस्टर बाईंकडे बघून म्हणाली, “तुम्ही यांच्या बहीण का?”

“बहीण कसली,” धाकटी म्हणाली, आणि तिचा आवाज सगळ्या खोलीला पुरेल असा होता. “ही माझी मोठी जाऊ. हिच्या हृदयाला आतून डाग दिलेत, पाच महिन्यांपूर्वी. आज चार मजले चढून आली, तेही न थांबता. दमले मी! रुग्णालयाचं अख्खं कपडेघर चालवते, आठ मजल्यांच्या चादरी हिच्या हाताखालून जातात. आणि भांडायला म्हणाल तर…” इथे तिनं हात जोडले. बाकांवरच्या तिघी बायका कडकबाईंकडे बघू लागल्या. बाई पिशवीचा बंद बांधू लागल्या, जो बांधलेलाच होता.

वर्ष झाल्यावर डॉक्टरिणीनं त्यांना एक छापील प्रश्नावली भरायला दिली. गेल्या चार आठवड्यांत ठोक्यांचा त्रास किती झाला, चालताना किती, कामात किती, काळजी किती. एकपासून सातपर्यंत आकड्याला गोल करायचा. बाईंनी भराभर गोल केले आणि मग पेन खाली ठेवलं.

“यात एक प्रश्न राहिलाय.”

“कुठला?”

“घरचे तुम्हाला वाईट बातमी सांगतात का?”

डॉक्टरिणीनं तो प्रश्न समासात आपल्या हातानं लिहून घेतला. “काय उत्तर लिहू?”

“सगळ्यात आधी मला सांगतात म्हणून लिहा.”

त्यानंतरच्या थंडीत एका सकाळी बाईंना पुन्हा ते वाटाणे जाणवले. दहा-बारा मिनिटं, मग आपोआप थांबले. त्यांनी लपवलं नाही. जिन्याच्या खिडकीपाशीच धाकटीशी भांडत उभ्या होत्या, तिचं वाक्य मध्येच तोडून म्हणाल्या, “जरा धडधडतंय गं.” यजमान यंत्र घेऊन आले. धाकटीनं त्यांच्यासाठी स्टूल पुढे सरकवलं आणि डॉक्टरिणीला फोन लावून दिला. डॉक्टरीण म्हणाली, असं क्वचित होऊ शकतं, उद्या दाखवून जा, गोळी चुकवू नका. दुसऱ्या दिवशी बाई दाखवून आल्या, आणि पुढचे कित्येक महिने तसं काही झालं नाही. घरात कोणी चवड्यांवर चाललं नाही, टीव्हीचा आवाज होता तेवढाच राहिला.

त्या सकाळी धडधड थांबल्यावर, बाई अजून स्टुलावर बसलेल्या असताना, धाकटीनं एवढंच विचारलं, “आता बरं वाटतंय ना?”

“वाटतंय.”

“नक्की?”

“नक्की म्हटलं ना.”

“मग आता माझं ऐका, जाऊबाई,” असं म्हणून धाकटीनं बाह्या वर केल्या, आणि मघाशी अर्धवट राहिलेलं वाक्य जिथे तुटलं होतं तिथूनच पुढे सुरू केलं. कडकबाईंनी पाठ ताठ केली आणि आपली पाळी यायची वाट बघत, मोठ्या समाधानानं ऐकायला लागल्या.